बांगड्या घालणाऱ्या पुरुषाची दाढ

अर्धा तास तोंडात काही घालायचं नाही, एवढीच अट होती. पण रेणापूरजवळच्या त्या गावात सकाळपासून अर्धा तास रिकामं राहिलेलं एकही तोंड धम्मप्रियाला सापडलं नव्हतं. एकाच्या गालात तंबाखू, दुसऱ्याच्या सुपारी, तिसरीनं नुकतीच मिश्री लावलेली. आणि जे कुणी चूळ भरून शहाण्यासारखं बसत, त्यांना नागुबाई चहा आणून देत होत्या. दारात आलेलं माणूस बिनचहाचं बसवायचं म्हणजे काय?

"मावशी, चहा नका ना देऊ ह्यांना. थुंकी घ्यायचीय मला."

"घे की. चहा पिल्यावर लई येते."

धम्मप्रिया मूळची लातूरची, नोकरीला हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत. काम असं, की हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांच्या दातांची भुकटी करायची, त्यातून डीएनए काढायचा आणि ती माणसं कुठून आली, कुणाची कोण लागत होती ते शोधायचं. तिच्या आईनं हे अजून कुणाला नीट सांगितलेलं नव्हतं. शेजाऱ्यांनी विचारलं की ती म्हणायची, दातांची डॉक्टर हाय.

चार वर्षांपूर्वी नागुबाईंच्या रानातलं पांढरीचं टेकाड खणलं गेलं. जुनं गाव तिथं मातीखाली गेलेलं. त्यात एक सांगाडा निघाला, हातात शंखाच्या बांगड्या. हाडं पुढं तीन हजार वर्षांची ठरली. सांगाडा निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी धम्मप्रिया हैदराबादहून आली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, हातमोज्यांवर हातमोजे. श्वास रोखून तिनं स्वतः चिमट्यानं सहज निघणारी एक दाढ काढली आणि डबीत बंद केली. त्या दाढेत असा काही डीएनए निघाला, की प्रयोगशाळेत पेढे वाटले. आणि निघाला तोही पुरुषाचा. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी मराठवाड्यात पुरुष बांगड्या भरत होते. ह्या शोधावर तिचे सर जर्मनीत भाषण देऊन आले, तिला तीन वर्षांची नेमणूक मिळाली आणि पेपरात तिचा फोटोही छापून आला. सांगाड्याच्या फोटोपेक्षा थोडा लहान होता, पण होता.

आता नेमणूक संपत आली होती. मोठ्या मासिकात लेख छापून आला तर ती वाढणार होती. नेमकी तेव्हाच मासिकाच्या तपासनिसांनी शंका काढली. असल्या उन्हाच्या मुलखात तीन हजार वर्षं पडलेल्या दाढेतल्या डीएनएचा भुगा व्हायला पाहिजे, हा तर काल काढल्यासारखा ताजा आहे, कुणाचा तरी हात लागलेला दिसतो. सरांनी फोनवर सांगितलं, सांगाड्याला ज्याचा ज्याचा हात लागला त्या सगळ्यांची थुंकी घेऊन सोमवारी हजर हो. मिसळलेला माणूस सापडला तर तेवढा वजा करू, उरेल तो खरा. नाही सापडला तर लेख गेला. आणि मग तुझंही अवघड आहे.

म्हणून ती नागुबाईंच्या ओसरीवर चाळीस नळ्या घेऊन बसली होती. आणि गावात कुणाचाच हात लागला नव्हता. उत्खननाचे राखणदार साहेबराव तर छातीवर हात ठेवून सांगत होते, तीन महिने डोळ्यात तेल घालून राखलं, माशी बसू दिली नाही. सगळ्यांनी माना हलवल्या.

नागुबाई बशीत चहा ओतता ओतता म्हणाल्या, "हात कसा न लागंल? ओटी भरली की आमी तिची."

धम्मप्रियानं वहीतून मान वर केली.

"कुणाची ओटी?"

"तिची. हातात बांगड्या, म्हंजी सवाष्णच की. आपल्या रानात आलेली सवाष्ण अशीच लावून द्यावी व्हय? हळद लावली, कुकू लावलं, तोंडात साखर घातली."

"किती जणी होत्या, मावशी?"

"लई न्हाई. आपल्या गल्लीतल्याच, चोवीस."

धम्मप्रियानं डोळे मिटले. हातमोज्यांवर चढवलेले हातमोजे तिला आठवले. मग ती उठली, चोवीस नावं लिहून घेतली आणि त्या बायकांचा चहा जातीनं बंद केला.

दुपारपर्यंत काम जरा मार्गी लागलं, तर एसटीच्या थांब्यावर कुणीतरी शोध लावला की ज्याची थुंकी जुळेल तो सांगाड्याचा वारस, आणि टेकाडाची जमीन त्याच्या नावावर. झालं. सकाळी ज्यांचा हात लागला नव्हता, त्यांनी आता सांगाडा मांडीवर घेतलेला होता. रांग पारापर्यंत गेली. औशाहून एसटीनं आलेले ईश्वरप्पा म्हणाले, आपला हात काही लागला नाही, पण बातमी वाचून डोळ्याला पाणी आलं होतं, तेवढ्यावर भागत असेल तर बघा. गावातल्या वैजनाथनं घरूनच पेलाभर थुंकी आणली. ती कुणाकुणाची होती हे त्यालाही सांगता येईना. धम्मप्रिया घसा फोडून सांगत होती की जमिनीचा काही संबंध नाही. लोक म्हणाले, हाव हाव, असं बोलावंच लागतंय तुमाला. नागुबाईंनी आपलंच रान हातचं जाऊ नये म्हणून दोनदा थुंकून ठेवलं.

नळ्या संपत आल्या. सगळं गाव थुंकायला उतावीळ झालं होतं. एक साहेबराव सोडून.

साहेबरावांचा नंबर आला की ते चिमूटभर तंबाखू गालात धरत. तोंड रिकामं न्हाई बगा, थोड्या वेळानं देतो. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी धम्मप्रियानं त्यांची तंबाखूची पिशवी काढून घेतली, त्यांना चूळ भरायला लावली आणि हातातलं घड्याळ समोर ठेवून बसली. एकोणतीस मिनिटं साहेबराव खाली मान घालून जमीन बघत राहिले. मग हळूच म्हणाले,

"बाई, थुंकी कशाला? आख्खी दाढ दिली की म्या तुमाला."

ओटीच्या दिवशी साहेबराव राखणीला नव्हतेच. दाढ लई ठणकत होती, म्हणून उपटून घ्यायला रेणापूरला गेले होते. परत येऊन बघतात तर सांगाड्याच्या अंगभर हळदीकुंकू आणि जबड्यातली एक दाढ गायब. सकाळी साहेब लोक येणार, खाड्याच्या दिवशीच चोरी झाली म्हणणार, आणि नोकरी जाणार. त्यांनी रातोरात हळद पुसली आणि खिशातल्या पुडीतली आपली दाढ त्या खाचेत मातीनं दाबून बसवली. चाळीस वर्षांच्या तंबाखूनं ती अशी काळवंडलेली होती, की हैदराबादपासून जर्मनीपर्यंत कुणाला तिच्या वयाची शंका आली नाही.

धम्मप्रियानं मनातल्या मनात वजाबाकी केली. साहेबरावांतून साहेबराव गेले. तीन वर्षांत बाकी शून्य.

"मग तिची खरी दाढ कुठंय?" धम्मप्रियानं विचारलं.

"तिची व्हय?" नागुबाई म्हणाल्या. "माळवदावर. साखर घालताना माझ्या हातात आली. पडलेला दात घरावर टाकतेत की न्हाई? दुसरं काय करतेत त्याचं?"

ती शिडी लावून वर चढली. मातीच्या त्या सपाट छपरावर चार पिढ्यांच्या लेकरांनी आपले दात टाकले होते. एका कोपऱ्यात मूठभर माती चाळली, तर अकरा दात निघाले. मदतीला वर चढणाऱ्या बायकांना तिनं हात जोडून खाली पाठवलं आणि तिथूनच सरांना फोन लावून सगळं सांगून टाकलं. लेख आपण स्वतःच मागं घेऊ, हेही सांगितलं. सरांनी एवढंच विचारलं, माळवद केवढं आहे?

नेमणूक गेली नाही. दाढ सापडेपर्यंत ती वाढली. माळवद ताब्यात आलं, वर दोरी लागली, पाटी लागली. राखणीला अनुभवी माणूस पाहिजे होता आणि अख्ख्या तालुक्यात असला अनुभव एकट्या साहेबरावांना होता. ते बिनतंबाखूचे, तोंडाला फडकं बांधून छत्रीखाली बसायला लागले. पावसाच्या तोंडी माळवदावर नवी माती टाकायची नागुबाईंना मनाई झाली. घरात चार ठिकाणी गळायला लागलं. भांडी मांडता मांडता त्या रोज खालून विचारत, "घावली का गं?"

बासष्ट दात निघाले, त्रेसष्ट निघाले. खरी दाढ काही निघेना. एके दिवशी धम्मप्रिया गुडघ्यावर बसून चाळण हलवत होती, तर तिच्यापुढं टक्कन काहीतरी पडलं. पांढरंशुभ्र, अजून ओलं.

"नातीचा हाय," खालून नागुबाई म्हणाल्या. "आत्ताच पडला. तुज्या कामाच्या आड न्हाई येत आमी."

धम्मप्रियानं साहेबरावांकडं बघितलं. साहेबरावांनी आभाळाकडं बघितलं. मग तिनं तो दात चिमट्यानं उचलला, डबीत घातला आणि वर लिहिलं, चौसष्ट.