बिनआगीचा मुक्काम

देवराव भाऊजी मंगळवारी वारले. आता आमचा हिवाळ्यातला जंगलातला मुक्काम संपला.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. यवतमाळला शाळेत भूगोल शिकवत. दर हिवाळ्यात ते तंबू घेऊन झरी जामणीकडच्या जंगलात जात. सोबत मी आणि त्यांचे मित्र वामनराव. तिथे भाऊजी शेकोटी पेटवू देत नसत.

आमच्याकडे बाहेर जायचं ते गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, रोडगे, कणकेचे जाड गोळे, भाजायलाच. भाऊजी मात्र रोडगे पहाटे घरीच भाजून पंच्यात गुंडाळून आणत. संध्याकाळी वामनराव ते दगडावर आपटून फोडत आणि विचारत, "मास्तर, दात पडले त कोनाले सांगू?"

वामनराव दरवेळी एसटीत पऱ्हाटीची मोळी चादरीत लपवून आणत. कपाशीची वाळलेली झाडं ती, चादरीतून काड्या बाहेर डोकावत. भाऊजी ती मोळी गावातल्या पहिल्याच घरी चुलीसाठी देऊन टाकत.

कारण विचारलं की दरवेळी नवं. जाळानं डोळे दिपतात, तारे दिसत नाहीत. धुरानं पाखरं उठतात. "आगच पाह्यची असन त घरी ग्यास हाये." एकदा अर्धा तास वाऱ्याच्या दिशा समजावल्या. वामनराव घोंगडीत कुडकुडत हो हो म्हणत राहिले.

पूर्वी असं नव्हतं. ताई असताना रोडगे तीच भाजायची, तिथेच, जाळापाशी बसून.

ती गेल्यावर तिसऱ्या हिवाळ्यात वामनराव आजारी पडले. आम्ही दोघंच गेलो. घरी येणारे-जाणारे माझ्या तोंडाकडे पाहत, म्हणून मी रडलो नव्हतो. त्या दिवशी अंधार पडला आणि मला आवरलं नाही. अंधारातून भाऊजींचा आवाज आला. तोही भरलेला होता.

"जाळ असता त तू माह्या तोंडाकडे पाह्यलं असतं, मी तुह्या. मंग दोघंही गप बसलो असतो."

मग आम्ही ताईबद्दल बोललो. रागावली की ती भांडी कशी आपटायची, हसू आलं की पदर कसा तोंडात धरायची. पुढे दर हिवाळ्यात एक संध्याकाळ आम्ही असं बोलत असू. वामनराव तेव्हा झोपेचं सोंग घेत. घरी, उजेडात, आम्ही तिचं नाव काढलं नाही.

ताई-भाऊजींना मूलबाळ नव्हतं. आई-वडील कधीचेच गेले. ताईला लहानपणापासून ओळखणारा आता मी एकटा आहे.