यशवंतरावांची बिनविरोध निवड

सोमवारी सकाळी यशवंतरावांनी लेकीच्या फ्लॅटचं दार उघडलं, तेव्हा बाहेरच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकत होती. कोरलेली जर्मन अक्षरं, कोपऱ्यात रंगवलेलं लाल फूल. त्यांनी वर जाऊन पाहिलं, खाली जाऊन पाहिलं. सहा बिऱ्हाडांच्या त्या इमारतीत दुसऱ्या कुठल्याच दारावर अशी पाटी नव्हती. यशवंतरावांना बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

पाटीचं आणि त्यांचं नातं जुनं. आमदार, मंत्री आणि शेवटी ईशान्येकडल्या एका राज्याचे राज्यपाल. पण राजभवनात नुसतं बसवेना, म्हणून २००४ साली राजीनामा देऊन लोकसभेला उभे राहिले आणि सपशेल आपटले. पडल्याचं दुःख होतंच, पण गावच्या बूथवर फक्त अकरा मतं पडली, हे जिव्हारी लागलं. घरातले मतदारच चौदा! कार्यकर्ते म्हणत, "साहेब, घरात तीन फितूर आहेत." यशवंतराव वर्षभर त्यांचा माग काढत होते. मात्र ते स्वतः नेहमी 'ते दोघे' असंच म्हणत, आणि कुणी तिसऱ्याचा विषय काढला की प्यायला पाणी मागत.

जरा मन रमावं म्हणून पत्नी मालिनीताईंनी त्यांना जर्मनीतल्या गेर्लिंगेनला लेकीकडे, सुमेधाकडे आणलं. तिथेही गावाहून जुन्या कार्यकर्त्याचे, विष्णूपंतांचे फोन चालूच होते.

"साहेब, आमदारकीची पोटनिवडणूक लागतीय. तुम्ही फक्त हो म्हणा, तिकिटाचं मी बघतो. पण महिनाअखेरच्या शनिवारपर्यंत काय ते सांगा."

हो म्हणायला यशवंतरावांची जीभ शिवशिवत होती, पण छाती होत नव्हती. पुन्हा आपटलो तर गावात तोंड दाखवायची सोय राहायची नाही. अशा तळ्यात-मळ्यात चाललेलं असताना ही पाटी दिसली.

"श्रीनाथराव, हे काय आहे?" त्यांनी जावयाला विचारलं.

रजेवर असलेला श्रीनाथ दात घासत बाहेर आला आणि चपापला. त्या भागातला रिवाज असा, की ज्याच्या दारावर ती पाटी, त्याने आठवडाभर जिना, तळघर आणि पुढचा फुटपाथ झाडायचा. रविवारी पाटी शेजारच्या दारावर लावायची. पण सासऱ्यांना, तेही माजी राज्यपालांना, तुमचा इंजिनियर जावई जिना पुसतो हे सांगायचं कोणत्या तोंडाने?

"ते... आल्झो, म्हणजे, बाबा, इमारतीची सगळी व्यवस्था या आठवड्यात आपल्याकडे आहे. पाळीपाळीने असते."

"अख्खी इमारत?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. तळघरापासून फुटपाथपर्यंत."

"मग हे मला आधी नाही का सांगायचं?" असं म्हणून यशवंतराव बंद गळ्याचा कोट चढवायला आत गेले.

दहा वाजता पाहणी दौरा निघाला. जिन्याच्या वळणावर तिसऱ्या मजल्यावरच्या फ्राउ हेफेले भेटल्या. वय पंचाहत्तर, आणि साऱ्या इमारतीला त्यांचा धाक. सुमेधाचे वडील गव्हर्नर होते, हे त्यांना ऐकून माहीत होतं. यशवंतरावांनी काठीने कोपऱ्यातलं एक वाळकं पान दाखवलं. हेफेलेबाईंचे डोळे भरून यायचेच बाकी राहिले. इतक्या वर्षांत कोपऱ्यात बघणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. त्यांनी कठड्याच्या खालून बोट फिरवून धूळ दाखवली, यशवंतरावांनी दुसऱ्या बाजूने फिरवलं. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती, पण तिसऱ्याच्या कामातली खोट काढायला भाषा लागते कुठे?

दुपारी साहेब वामकुक्षीला गेले, की श्रीनाथ बादली घेऊन चोरपावलांनी जिन्यावर जायचा. संध्याकाळी तो लखलखीत जिना बघून साहेब म्हणत, "बघितलंस मालिनी? नुसता वचक लागतो."

रविवारी संध्याकाळी श्रीनाथने रिवाजाप्रमाणे पाटी समोर राहणाऱ्या बॉयेर्लेंच्या दारावर लावली. सोमवारी सकाळी यशवंतरावांनी दार उघडलं, तर पाटी समोरच्या दारावर. एका आठवड्यात सत्तापालट! नक्कीच काहीतरी घोडेबाजार झालेला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, हळूच पाटी काढली आणि आपल्या दारावर लटकवली. तेवढ्यात बॉयेर्लेंनी दार उघडलं. त्यांनी पाटी पाहिली, यशवंतरावांना पाहिलं, आणि नशिबाला दृष्ट लागू नये अशा बेताने दार हलकेच लावून घेतलं.

"ही परत आपल्याच दारावर कशी?" संध्याकाळी श्रीनाथ डोकं खाजवत म्हणाला.

"बॉयेर्लेचंच काम असणार. विचार ना त्याला जाब," सुमेधा म्हणाली.

"जाऊ दे. परक्या देशात कशाला उगीच वाकड्यात शिरायचं?"

पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. श्रीनाथची कंबर धरली आणि यशवंतरावांची ताठ झाली. "विष्णूपंत," ते फोनवर म्हणाले, "इथल्या लोकांनी मला तिसऱ्यांदा मुदतवाढ दिली."

"मग साहेब, आपल्याकडं काय अवघड आहे! हो समजू ना?"

"शनिवारी सांगतो. पण तुम्ही तयारीला लागा."

त्या शनिवारी दुपारी अंगणात इमारतीची बैठक भरली. हेफेलेबाई उभ्या राहिल्या. या कुटुंबाला झाडलोटीची इतकी हौस आहे, तर पाटी वर्षभर त्यांच्याकडेच का नसावी, अशी त्यांची सूचना होती. यशवंतरावांना त्यातला 'गव्हर्नर' एवढाच शब्द कळला. मग भराभर हात वर झाले. बॉयेर्लेंनी तर दोन्ही हात वर केले. श्रीनाथ 'नाइन', म्हणजे 'नाही', म्हणायला तोंड उघडतोय तोवर सासरे हात जोडून उभे राहिलेले होते. त्यांच्या डोळ्यांत खरोखरीचं पाणी होतं.

"बिनविरोध!" ते म्हणाले. "श्रीनाथराव, सांगा यांना. ही जबाबदारी मी नम्रपणे स्वीकारतो."

"बाबा, एक मिनिट..."

"सांगा म्हणतो ना!"

श्रीनाथने पडलेल्या आवाजात सांगितलं. टाळ्या कडाडल्या. हेफेलेबाई पुढे आल्या आणि त्यांनी लाल फीत बांधलेला एक कोरा करकरीत झाडू यशवंतरावांच्या हातात ठेवला.

"हे कशाला?"

"बाबा, ती पाटी याच्याचसाठी असते," श्रीनाथ जमिनीकडे बघत म्हणाला, आणि मग त्याने सगळंच सांगून टाकलं.

यशवंतराव घरी आले आणि झाडू मांडीवर घेऊन सोफ्यावर बसले. मालिनीताईंनी चहा आणून ठेवला.

"झाडू मारायला सगळ्यांचं एकमत," ते कडवटपणे म्हणाले, "आणि मतं मागितली तेव्हा घरातले दोघे फितूर!"

"त्यातली एक मी," मालिनीताई म्हणाल्या.

"काय?"

"राजभवनात दोन वर्षं रोज माझ्यासमोर बसून जेवलात तुम्ही. लग्नानंतर पहिल्यांदा. निवडून आला असतात तर पुन्हा तोच माणसांचा राबता, आणि मी तुमचं ताट झाकून बसायची. नाही दाबलं तुमचं बटण. दुसऱ्या विभावरीवन्सं. त्या म्हणाल्या, दादा थकलाय, त्याला कळत नाही." मालिनीताईंनी पदराने डोळे टिपले. "तिसरं कोण, ते मात्र देव जाणे. मी सगळ्यांना शपथ घालून विचारलं."

यशवंतरावांनी कप खाली ठेवला. मतदानाच्या दिवशी बूथवर फोटोवाले जमले होते. फोटोत वय दिसू नये म्हणून त्यांनी चष्मा गाडीतच ठेवला, रुबाबात आत गेले, आणि आपलं समजून बटण दाबलं. डोळे बारीक करून पाहिलं, तर दिवा विरोधकाच्या नावापुढे लागलेला. ही गोष्ट त्यांनी आजवर कुणालाच सांगितली नव्हती.

फोन वाजला. विष्णूपंतच होते.

"विष्णूपंत, दुसरा उमेदवार बघा."

"असं काय करता साहेब? त्या घरच्या तीन फितुरांमुळं का?"

"त्यांना काही बोलू नका. तिघांनीही मत अगदी योग्य दिलं."

"म्हणजे तिसरा सापडला वाटतं?" मालिनीताईंनी विचारलं.

यशवंतराव उठले. कोट काढून त्यांनी खुर्चीवर टाकला, झाडू उचलला आणि जिन्याकडे निघाले. दारापर्यंत जाऊन ते थबकले. परत आले, टेबलावरचा चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि मगच पहिल्या पायरीवर वाकले.