ओव्हनच्या स्विचची समाधानकारक तपासणी

टक्.

दुपारी अडीचला, लेक झोपलेली आणि घर चिडीचूप असताना, मी ओव्हनचा भिंतीवरचा स्विच बंद केला. आवाज रीतसर झाला. लाल दिवा मात्र गेला नाही. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला. टक्, टक्. दिवा माझ्याकडे बघत राहिला, ओव्हन तापत राहिला. ओव्हनचं स्वतःचं बटण गेल्या वर्षीच गळून पडलं होतं. तेव्हापासून सगळा कारभार या स्विचच्या हाती होता.

लेकीला आम्ही ठकी म्हणतो. वय साडेचार. तिचं नाक बरोबर ओव्हनच्या काचेच्या उंचीला येतं आणि नाक टेकवल्याशिवाय आत काय शिजतंय ते तिला कळत नाही. म्हणून मी धावत जाऊन घराचा मेन स्विच पाडला. ओव्हन विझला. पंखाही थांबला, आणि पंखा थांबताच ठकी उठून बसली. माझी दुपार संपली.

इमारतीच्या वायरमनने दारातूनच निदान केलं. "आतले पॉइंट चिकटलेत, ताई. नवा स्विच टाकायचा. पाच मिनिटं."

"मग टाका ना, दादा."

"तक्रार क्रमांक?"

"तो नाहीये."

"मग स्विचला काही झालेलं नाही," असं म्हणून त्याने पिशवी खांद्याला लावली. बाहेरचा माणूस बोलवावा तर भाडेकरारानुसार ती भिंतीशी छेडछाड.

देखभाल कार्यालयातल्या बाई स्वभावाने प्रेमळ होत्या. त्यांनी दोषांची यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. "यात 'चालत नाही' आहे. 'थांबत नाही' असा दोषच नाही, मॅडम."

"पण तो थांबत नाही हो!"

"आजवर कोणी केली नाही अशी तक्रार. तुम्ही 'चालत नाही' लिहा. नंबर तरी पडेल."

"ते खोटं होईल."

"ते तपासणीत कळेलच की," बाई समजुतीने म्हणाल्या.

तपासणीत कळलं. वायरमन नंबर घेऊन आला, त्याने स्विच दाबला, मेन चढवला, दिवा लागला. 'चालतो' असा शेरा मारून त्याने तक्रार निकाली काढली.

"अहो दादा, पॉइंट चिकटलेत असं तुम्हीच म्हणालात ना?"

"ते मी बिननंबराचं बोललो होतो, ताई."

दुसऱ्या दिवशी खोटी तक्रार केल्याबद्दल आम्हाला लेखी समज मिळाली.

आता घराला दोनच ऋतू उरले. मेन पाडला की अंधार आणि नासलेलं दूध. मेन चढवला की उजेड, आणि न मागता तापलेला ओव्हन. त्याची तार थेट भिंतीत गेलेली, उपटायला प्लगसुद्धा नाही. नवरा म्हणाला, "सकारात्मक विचार कर. निम्मं काम तर तो चोख करतोय." आणि ओव्हनभोवती दोन खुर्च्यांचं कुंपण घालून तो कामाला गेला. चौथ्या दिवशी ठकी त्या कुंपणावर चढून पलीकडे उतरली. बोटावर टपोरा फोड आला. ती रडली त्यापेक्षा मी जास्त रडले; मग तीच माझ्या बोटावर फुंकर घालत बसली.

फोडामुळे प्रकरणाला वजन आलं आणि ते सुरक्षा विभागाकडे गेलं. तपासनीस आले ते हेल्मेट आणि रबरी हातमोजे घालूनच. आल्या आल्या त्यांनी मेन पाडला.

"साहेब, चालू ठेवून बघा ना, म्हणजे दिसेल."

"वीज चालू असताना स्विचला हात लावणं धोक्याचं असतं, बाई."

"तेच तर मी सांगतेय!"

त्यांनी ऐकून घेतलं. पाऊण तास फॉर्म भरला. मग स्विच चालू केला, बंद केला, ओव्हनच्या काचेवर तळवा ठेवला. "गार आहे."

"मेन पाडलाय म्हणून गार आहे!"

"कारण विचारायला फॉर्मात जागा नाही," असं म्हणून त्यांनी स्विचशेजारी हिरवा गोल स्टिकर चिकटवला. सुरक्षित. मग मोबाइल माझ्यापुढे धरला. "झालं ना काम? समाधानी?"

"नाही म्हटलं तर?"

"प्रकरण पुन्हा पहिल्या टेबलावर. तीन आठवडे धरा."

"आणि हो म्हटलं तर?"

"तर मी घरी जातो."

त्यांच्या कपाळावर हेल्मेटचा वळ उठला होता. ठकी कडेवर चुळबुळत होती. मी हो म्हटलं आणि पाचही तारे दाबले. वाचकहो, तुम्ही मागच्या वेळी कुठल्याशा अ‍ॅपवर दाबले होते, अगदी तसेच, न बघता.

ते गेल्यावर मेन चढवला. लाल दिवा लागला. ठकी कडेवरून घसरली आणि थेट ओव्हनवरच्या भिंतीवरल्या हिरव्या स्टिकरकडे निघाली.

"अगं नको! भाजेल!" मी तिचा फ्रॉक मागून धरला.

ती वळली. "तू काकांना म्हणालीस, झालं काम."

"हो. म्हणाले."

"आणि मला म्हणतेस, भाजेल."

"भाजेलच, बाळा."

ठकीने भुवया आवळून विचार केला. मग अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असं, तिने विचारलं, "आई, खोटं कोणाला सांगितलंस? काकांना की मला?"