अर्ध्या पडद्याचा शोध

शाळेच्या रंगमंचाचा अर्धा पडदा हरवला, तेव्हा तो शोधण्यात सर्वांत पुढे होते ते सासरेबुवा. घरामागच्या कापड रंगवायच्या कारखान्यातले सगळे हंडे त्यांनी पालथे घातले, वाळवणीच्या दोऱ्या दोनदा तपासल्या आणि शेवटी समोरच्या शिंप्याकडे बोट दाखवलं.

"सूनबाई, त्याच्या खाटेवर निळी उशी दिसली मला."

"बाबा, ती उशी दहा वर्षं निळीच आहे."

"तेच म्हणतोय मी! माणूस मुरलेला आहे." आणि रंग जुळवून बघायला म्हणून ते ती उशी उचलूनही घेऊन आले.

पडद्याचे भाग दोन. दोन्ही गडद निळे रंगवून शनिवारी शाळेत पोचवायचे होते. एक दोरीवर डुलत होता, दुसऱ्याचा पत्ता नव्हता. पण सूनबाईंच्या जिवाला त्याहून मोठा घोर होता. रंगाचं पाणी ओढ्यात जातं म्हणून नोटीस आली होती. गुरुवारी तपासणी, पाणी स्वच्छ नसेल तर कारखान्याला टाळं.

त्यावर उपाय दिला होता नणंदेनं. ती बुरशीच्या प्रयोगशाळेत कामाला. मागच्या वर्षी तिनं गुलाबावरच्या किडींवर एक बुरशी फवारली होती आणि किडी खरंच मेल्या होत्या. या खेपेला तिनं पिंपात लाकडाचा भुसा भरून त्यात दुसरीच, पांढरी बुरशी वाढवली. वरून रंगाचं पाणी ओतायचं, दोन दिवस बुरशी त्यातला रंग खाणार, मग खालच्या तोटीतून टाकीत नितळ पाणी.

"आधी किडे खाणारी आणलीस, आता रंग खाणारी," सासरेबुवा लेकीला म्हणाले होते. "पुढच्या खेपेला सासरा खाणारी आण. वहिनी सुटेल तुझी."

आता खरं सांगायचं तर पडदा सासरेबुवांच्याच ट्रंकेत होता.

चाळीस वर्षांचा हाडाचा रंगारी. रंगवलेल्या कापडाला 'शेवटचं पाणी' दाखवल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. मंगळवारी सूनबाई बाजारात गेल्या होत्या, नळ कोरडा होता आणि समोर टाकीभर स्वच्छ पाणी. एवढं चांगलं पाणी वाया घालवायचं? टाकी लहान, म्हणून अर्धं कापड आत बुडवलं, अर्धं काठावर टाकलं आणि ते जरा आडवे झाले. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि बुडालेला भाग धुतलेल्या तांदळासारखा दिसत होता. बुरशी पिंपात असली तरी तिची भूक पाण्याबरोबर टाकीत उतरते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे लेकीनं सांगितलं होतं; त्यांनी ऐकलं नव्हतं.

गुरुवारी अधिकारी आले. टाकीत डोकावले, बाटली भरली, उजेडात धरली आणि हसले.

"बाई, हे नळाचं पाणी आहे."

"नाही हो साहेब, बुरशीनं रंग काढलाय त्यातला."

"आमच्या घरी पावाला येते की बुरशी. तिनं आजवर आमची भूक सोडून काही काढलं नाही."

"आत्ता तुमच्यासमोर रंग ओतते. परवा या बघायला."

"परवा?" त्यांनी पिशवीतून टाळं काढून टेबलावर ठेवलं. "मी तयारीनं आलोय."

"साहेब, घर यावरच चालतं आमचं." हे म्हणताना सूनबाई बघत मात्र होत्या सासऱ्यांकडे.

सासरेबुवांनी भिंतीकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे. मग कमरेची किल्ली चाचपत ते आत गेले. ट्रंकेचं झाकण करकरलं.

बाहेर येऊन त्यांनी पडदा उलगडला. वर गडद निळा, खाली पांढराफटक आणि मध्ये पट्टीनं मारावी तशी सरळ रेघ.

"इथवर या टाकीत बुडला होता. नळाच्या पाण्यानं माझा रंग जात नाही साहेब. चाळीस वर्षांत गेला नाही, गावभर विचारा."

अधिकाऱ्यांनी ओला रुमाल निळ्यावर खसाखसा घासला. रुमाल कोराच राहिला. मग त्यांनी पांढऱ्या भागावरून बोट फिरवलं.

"हे केलं कुणी?"

"गाढवपणा माझा. कर्तबगारी बुरशीची."

टाळं पिशवीत परत गेलं. पण त्यापाठोपाठ पडद्याचीही घडी झाली. "पुरावा म्हणून फायलीला जोडतो," म्हणत अधिकारी तो काखोटीला मारून चालते झाले.

सासरेबुवा मटकन खाली बसले. "सूनबाई, आता शाळेला काय तोंड दाखवायचं?"

"मागच्या दोरीवर बघा."

मागच्या दोरीवर नवाकोरा निळा अर्धा पडदा वाळत होता.

"कालच रंगवला. परवापासून ट्रंकेखाली पाणी ठिबकतंय तुमच्या. मला वाटलं, फाडलात कुठं तरी."

"अगं, मग दोन दिवस मला शोधायला का लावलंस?"

"तुम्ही इतकं जीव तोडून शोधत होतात बाबा, सांगायला जीवच होईना." सूनबाईंनी निळी उशी झटकली आणि त्यांच्या हातात दिली. "आता ही देऊन या. बिचारा दोन दिवस हातावर डोकं ठेवून झोपतोय."