मधल्या खोलीची भिंत

वडिलांची माती होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच वैजयंतीला कळलं की त्यांच्या घरात रोज शे-दीडशे माणसं मरतात.

घर म्हणजे सोलापूरच्या पाच्छा पेठेतलं जुनं, पत्र्याचं. ते पाडून तिथं इमारत झाली त्याला बरीच वर्षं लोटली. इमारतीत दोघा भावांना एकेक फ्लॅट मिळाला. तिचे वडील, चनबसप्पा, तिसऱ्या मजल्यावर आणि धाकटे वीरभद्रप्पा काका दुसऱ्यावर. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा काकांना मधला जिना चढणं जमलं नाही. गुडघे दुखत होते. मातीच्या दिवशी गुडघ्यांना उतार पडला.

चनबसप्पांचं सारं आयुष्य चादरींची डिझाइनं काढण्यात गेलं. ग्राफपेपरवर चौकोनाला चौकोन लावायचा आणि मोर उभा करायचा. निवृत्तीनंतर कुणीतरी त्यांना दाखवलं, की कॉम्प्युटरवरच्या बंदुकांच्या गेममध्ये खेळणाऱ्यांनीच बांधलेले मॅप असतात. कुणीही आपली गल्ली बांधावी आणि जगभरच्या लोकांनी तिथं येऊन एकमेकांना गोळ्या घालाव्यात. त्यांना गोळ्यांचं काही नव्हतं. चौकोनाला चौकोन लावायला मिळत होता.

"वैजू, मी घर परत बांधलंय," ते फोनवर सांगायचे.

"छान केलंत बाबा. बीपीची गोळी घेतली का?" हैदराबादहून वैजयंती विचारायची.

आता त्यांच्या कॉम्प्युटरसमोर बसून ती ते घर शोधत होती. गेममध्ये लाखो मॅप होते. सोलापूर टाकलं, काही नाही. बाबांचं नाव टाकलं, काही नाही. शेवटी 'चादर' टाकलं आणि घर आलं. खाली खेळणाऱ्यांचे अभिप्राय होते. एकानं अरबस्तानातलं गाव हुबेहूब उतरल्याबद्दल कौतुक केलं होतं. दुसऱ्याची तक्रार होती की मोरीत लपणारा माणूस काही केल्या मरत नाही.

ती आत शिरली. निळं दार, चौकटीवर विभूतीचे पट्टे, अंगणात वाळत घातलेली चादर. ती चादर बघत असतानाच मोरीतून गोळी आली.

मेलेला माणूस या मॅपमध्ये लगेच दारात पुन्हा उभा राहायचा. बाबांनी तशीच सोय केली होती.

"काय बघतीस गं?" गुरम्मा काकू पिठलं-भाकरी घेऊन वर आल्या आणि ताट हातात धरून थबकल्या. "यव्वा! ही आपली मोरी न्हवं का?"

"हो काकू."

"आन् चूल? चूल दाखव की. डावीकडं वळ. अगं, डावीकडं!"

वैजयंती डावीकडं वळली आणि मेली.

"कोन हाय त्यो मुडदा?" काकूंनी ताट कीबोर्डवर ठेवलं. "घरात मानूस गेलंय, जरा तरी लाज?"

"त्याला आपलं ऐकू जात नाही."

"मग लिहून सांग!"

वैजयंतीनं इंग्रजीत लिहिलं, या घरात नुकताच मृत्यू झाला आहे. ताबडतोब उत्तर आलं : हो, तुझाच.

काकूंनी खाली जाऊन नवऱ्याला सांगितलं. त्या दिवशी काका जिना चढून आले. कमरेवर हात ठेवून त्यांनी अंगण पाहिलं, चूल पाहिली, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"थांब. ही मधली खोली न्हवं? हिचं दार हिकडं कसं?"

"आमच्या लहानपणी इकडंच होतं, काका."

"ते वाटणीच्या आदी! वाटणीत मधली खोली मला आली. पंचांनी उभं राहून भिंत घातली. ती भिंत कुटं हाय?"

"पाडली की. घर पाडलं, भिंत पाडली, खोली पण पाडली. तुम्हीच बिल्डर आणलात."

"म्हनून काय झालं? जगभरचे लोक बघत्यात न्हवं? उद्या म्हणतील, वीरभद्रप्पानं भावाची खोली लाटली."

"कोण म्हणेल? ब्राझीलवाले?"

"कोनबी म्हणंल! भिंत घाल."

काकांचा मुलगा अमृत कॉम्प्युटरमधला. त्यानं साक्षीदार हवेत म्हणून मॅपची लिंक भावकीच्या ग्रुपवर टाकली. संध्याकाळपर्यंत मोहोळचे, मैंदर्गीचे, कुंभारीचे सगळे आत. मातीला न आलेल्यांनी हाच दुखवट्याचा समाचार धरला. मोहोळचे मामा 'फार वाईट झालं' असं लिहून हात जोडायला गेले आणि त्यांच्या हातून बॉम्ब पडला. समाचाराला आलेल्यानं निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. ते कुणीच म्हटलं नाही, पण मेलं की गेम ज्याला त्याला दारात आणून उभा करत होता, त्यामुळे न म्हणताही सगळे पुन्हा पुन्हा येत होते. भिंत होती की नव्हती यावर चुलीपुढे वाद पेटला. परदेशी खेळाडू घाबरून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी अमृत वर आला. खुर्चीत न बसता म्हणाला, "ताई, घालून टाक ना भिंत. पप्पा लई पेटलेत. सगळ्या भावकीला रिपोर्ट मारायला लावणार म्हणतात."

"मारले तर काय होतं?"

"मॅप उडतो. कायमचा."

त्या घराचा धड फोटोही कुणाकडे नव्हता. होता तो एवढाच, एका गेमच्या पोटात. वैजयंतीनं हैदराबादचं तिकीट पुढं ढकललं आणि मॅप बांधायला शिकली. बाबांचं खातं उघडंच होतं. तिनं चौकोनाला चौकोन लावला. बाबांनी जिथं दार ठेवलं होतं तिथं आपल्या हातानं भिंत घातली आणि खाली निरोप धाडला.

काका लगोलग ताबा घ्यायला बसले. ते खाली अमृतच्या लॅपटॉपवर, ती वर बाबांच्या खुर्चीत. दोघांच्याही कानांवर हेडफोन.

"आता कसं झाक झालं!" काकांचा आवाज आला. "वैजू, माझ्या खोलीत जायचं कुटून?"

"तुमच्या बाजूनं."

"माझी बाजू कुटं हाय?"

वैजयंतीनं पाहिलं. बाबांनी आपलं अंगण बांधलं होतं, मोरी, चूल, मधली खोली. तिच्यापलीकडं, काकांचा निम्मा हिस्सा असायचा तिथं, काहीच नव्हतं. जमीन नव्हती, आभाळही नव्हतं. नुसता काळोख.

काका घराला वळसा घालून मालकाच्या ऐटीत निघाले. हेडफोनमध्ये "आयायायाय!" ऐकू आलं आणि पुढच्या क्षणी ते चनबसप्पांच्या निळ्या दारात उभे होते. पुन्हा गेले, पुन्हा पडले, पुन्हा दारात. तिसऱ्या खेपेला ते हलले नाहीत.

"वैजू, मी सारखा दादाच्याच दारात यायलोय की गं."

"हो काका."

पडद्यावर मजबूत गुडघ्यांचा एक शिपाई, हातात भली मोठी बंदूक, उंबऱ्याच्या बाहेर अवघडून उभा होता. खालच्या मजल्यावरून काकांचा आवाज आला तो एकदम बारीक झाला होता.

"वैजू... आत येऊ का?"

एवढं विचारायला कुणी येईल म्हणून बाबा चार महिने दाराकडं तोंड करून पडले होते. 'या' हा शब्द वैजयंतीच्या तोंडाशी आला. पण बंदुकीच्या बटणावरचं बोट आधी हललं.

काका उंबऱ्यावर कोसळले आणि लगेच, त्याच दारात, पुन्हा उभे राहिले.

"वैजू," ते म्हणाले, "आत येऊ का?"