साहेबाची गोलाई

कवडूभाऊ गुरनुले यांची नि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही. खिशातून टेप काढली, माझ्या पोटाभोवती गुंडाळली, आकडा पाहिला आणि म्हणाले, "मास्तर, गोलाई चांगली आहे. पण अंदरून पोकळ वाटते." मी आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झालेला माणूस. माझ्याबद्दल इतकं नेमकं मत त्याआधी फक्त माझ्या बायकोनं दिलं होतं.

आलापल्लीच्या लाकूड डेपोत कवडूभाऊंची सारी नोकरी सागवानाचे ओंडके मोजण्यात गेली. ओंडका आला की लांबी घ्यायची, बरोबर मध्यावर टेप गुंडाळून गोलाई घ्यायची, आत पोकळी असेल तर तेवढी सूट द्यायची आणि बुडाशी नंबर टाकायचा. निवृत्त होऊन ते चंद्रपूरला आमच्या कॉलनीत, माझ्या शेजारच्या घरात राहायला आले. नोकरी सुटली, टेप सुटली नाही. लग्नाला गेले की आधी मांडवाचे खांब मोजणार, मग जेवायला बसणार. घरातल्या डब्यांवर खडूनं नंबर घातलेले. साखर सात, चहा आठ. माणसांचेही त्यांनी तीन प्रकार पाडले होते: सरळ, गाठीचा आणि पोकळ. आमच्या कॉलनीच्या अध्यक्षांसाठी त्यांनी खास चौथा प्रकार काढला, 'वाळवीचा', आणि तो त्यांना तोंडावर सांगितला. कशावरूनही वाद निघाला की त्यांचं एकच उत्तर असे: "माप पयले, बात मंग."

त्यांच्या पत्नी शांताबाई तीन वर्षांपूर्वी वारल्या. एकुलती एक मुलगी मनीषा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. शांताबाई होत्या तोवर पोरीचा फोन त्याच घ्यायच्या, तासतासभर बोलायच्या, आणि कवडूभाऊ बाजूला बसून काही ऐकत नसल्यासारखं सगळं ऐकायचे. त्या गेल्या नि फोन यांच्या हातात आला. तेव्हा बापलेकींच्या लक्षात आलं, की आपल्याला एकमेकांशी बोलताच येत नाही. रविवारी फोन यायचा. "बरे आहात?" "बरा आहो. तू?" "बरी." "मंग ठेवू?" एकदा मी घड्याळ लावून पाहिलं. चाळीस सेकंद, आणि त्यातही दोनदा खोकला.

यंदा फेब्रुवारीत मनीषा आली ती एक टोपली घेऊन. तिला दोन वर्षांसाठी जर्मनीला जायचं होतं, आणि टोपलीत होता तिचा पाळलेला फेरेट. आमच्या कॉलनीत फेरेट हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. हातभर लांब, मळकट पांढरा, डोळ्यांवर चोरासारखी काळी पट्टी, आणि अंगात हाड म्हणून नाही. समोरच्या कुंदाबाईंनी पाहताक्षणी निकाल दिला, "हे तं मुंगूस आहे! मुंगूस पाळनं गुन्हा आहे ना जी? अन् तुमी सोता जंगलखात्यातले!"

आयुष्यभर चोरटं लाकूड ओळखणाऱ्या माणसाला हे फार लागलं. त्यांनी मनीषाकडून सगळे कागद मागून घेतले आणि कुंदाबाईंना उभ्यानं वाचून दाखवले. मग उरलेल्या कॉलनीलाही वाचून दाखवले.

मनीषानं त्याचं नाव काहीतरी कॉफीसारखं ठेवलं होतं. कवडूभाऊंनी आठच दिवसांत ते बदललं. "दिवसाचे अठरा घंटे झोपते. उठलं का खाते. खाल्लं का दुसऱ्याची वस्तू उचलते अन् दाबून ठेवते. मास्तर, असे मी लय पायले. हा साहेब आहे." तेव्हापासून तो साहेब.

जाताना मनीषानं बजावलं होतं. याला ऊन अजिबात सोसत नाही, गरम झालं तर जीव जाईल. संध्याकाळी मोकळा सोडा, पण एरवी पिंजऱ्यात. आणि पिंजरा इथेच नीट बघून, ऐसपैस असा करून घ्या. मी रोज संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल करीन, मला तो दिसला पाहिजे.

रोज! कवडूभाऊंनी हे मला तीनदा सांगितलं.

आता पिंजरा. माप पयले, बात मंग. मी साहेबाला धरायचं नि त्यांनी मोजायचं, असं ठरलं. बसल्या जागी साहेब भरला अकरा इंच. झोपेत सतरा. ताणला तर बावीस, आणि ताणणं थांबलं ते माझा हात दुखला म्हणून. गोलाई दर वेळी वेगळी. ज्या माणसानं उभ्या जंगलाचं माप घेतलं, तो त्या मूठभर जनावरापुढे हात टेकून बसला. "मास्तर," ते म्हणाले, "याले मापच नाई बाप्पा."

पहिला पिंजरा बाजारातून आणला, पोपटाचा. कवडूभाऊ दाराची कडी लावत होते तेव्हा साहेब मागच्या गजांतून बाहेर येऊन ती कडी कशी लागते ते बघत बसला होता. दुसरा त्यांनी स्वतः केला, जुन्या दाराच्या सागवानाचा, पॉलिश करून, वर नक्षीची पट्टी मारून. त्यांच्या मते जगातल्या कुठल्याही अडचणीला सागवान हे उत्तर आहे. पिंजरा असा देखणा झाला की कुंदाबाईंनी आत येता येता सवयीनं हात जोडले. आत कोण बसलंय ते दिसल्यावर ते त्यांनी परत घेतले. पण लाकूड सगळं शोषून घेतं. आठवड्याभरात त्या देव्हाऱ्याला असा वास सुटला की माझ्या बायकोनं आमच्या त्या बाजूच्या खिडक्या बंद करून टाकल्या.

मग आले हमीदभाई. त्यांचं ग्रिलचं नि कूलरचं वर्कशॉप. चंद्रपुरात देवाखालोखाल मान कूलर बनवणाऱ्याला आहे, तेव्हा हमीदभाई मोठा माणूस. त्यांनी सुचवलं, की कूलरची नवी लोखंडी बॉडी घेऊ, तिन्ही बाजूंनी जाळी मारू, आत दोन मजले काढू, झोपायला कापडाची झोळी टांगू.

"जाली बारीक मारता हूँ भाऊ," हमीदभाई म्हणाले. "अर्ध्या इंचवाली. ये लंबू बहुत चालू चीज दिखता."

"नाई. हवा आली पाहिजे. माप माह्यापाशी आहे."

माप होतंच. जेवून सुस्त पडलेल्या साहेबाची गोलाई त्यांनी डेपोच्या नियमानं, बरोबर मध्यावर घेतली होती. त्यात सूट धरून दीड इंचाची जाळी सांगितली. ओंडक्याला हा नियम ठीक आहे. ओंडका जाळीत आधी डोकं घालत नाही. फेरेटचं डोकं जिथून गेलं तिथून मागचा सगळा साहेब जातो, ही गोष्ट डेपोतल्या कुठल्याच रजिस्टरात नव्हती.

साहेब मात्र महिनाभर त्या पिंजऱ्यात खूष होता. समोर कूलर, आत झोळी. रोज सातला कवडूभाऊ मोबाईल पिंजऱ्यासमोर धरायचे. साहेब काय जेवला, काय चोरलं, कुठे दडवलं, याचा अहवाल अर्धा अर्धा तास चालायचा. भिंतीपलीकडून मला त्यांचं हसणं ऐकू यायचं. शेजारी राहून मी ते आधी कधी ऐकलं नव्हतं.

मे महिन्यात, पारा शेहेचाळीसच्या वर गेलेला असताना, एके दिवशी सकाळी अकराला लाइट गेली. बाराला कवडूभाऊ माझ्या दारात. पायात चप्पल नाही.

"साहेब नाई पिंजऱ्यात."

कडी लागलेली, दार बंद, झोळी रिकामी. कूलर थांबला, गरम झालं, आणि साहेब जाळीतून डोकं काढून थंडावा शोधायला निघून गेला. आम्ही पलंगाखाली पाहिलं, मोरीत पाहिलं, माठाच्या तिवईखाली पाहिलं. अंगणात पाय ठेवला की भाजत होतं. असल्या उन्हात ते जनावर किती वेळ टिकणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. दोनच्या सुमारास कवडूभाऊ पायरीवर बसले. टेप हातातच होती.

"मास्तर," ते म्हणाले, "साहेब गेला तं पोरगी मले फोन कायले करन?"

मी हमीदभाईंना फोन केला.

हमीदभाई आले, पिंजरा पाहिला, जाळीत बोट घालून पाहिलं, आणि 'मी सांगितलं होतं' असं म्हणाले नाहीत. त्यासाठी मी त्यांना कायमचा मानतो. त्यांनी एवढंच विचारलं, "भाऊ, ऐसी गर्मी में पूरे मोहल्ले में ठंडक कहाँ रहती?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "कूलर के अंदर. ओली गवत, नीचे पानी. वो किसी के कूलर में घुसा है."

मग त्यांचाच चेहरा उतरला. "पर लाइट आई, तो लोग बटन दबाएँगे. पंखा चालू हो गया तो..."

ते वाक्य पुरं व्हायच्या आत कवडूभाऊ रस्त्यावर होते. भर दोन वाजता, बोडक्या डोक्यानं, एकेका दारावर. "लाइट आली तरी कूलर लावू नका जी. साहेब अंदर असन. पयले पाहू द्या." मी मागून धापा टाकत. मे महिन्यात चंद्रपूरच्या माणसाला कूलर लावू नको म्हणणं म्हणजे श्वास जरा नंतर घे म्हणण्यासारखं आहे. दोघातिघांनी आम्हाला वेड्यात काढलं. अध्यक्षांच्या दाराशी कवडूभाऊ क्षणभर थांबले, मग तिथेही हात जोडून उभे राहिले. सरळ लाकूड वाकताना बघायला बरं वाटत नाही. अध्यक्ष "बघू" म्हणाले नि दार लावून घेतलं.

सगळ्या दारांवर सांगून, एकेक कूलर उघडत आम्ही पाचवं घर तपासत होतो, आणि लाइट आली.

दिवे लागले. कुणाकडे टीव्हीवरच्या सासूबाई मध्येच बोलायला लागल्या. मी कान टवकारून उभा होतो. एकही कूलर सुरू झाला नाही. सगळी कॉलनी घामानं निथळत, पुठ्ठ्यानं वारा घेत, आपापल्या बटणापुढे बसून होती. अध्यक्षांच्या खिडकीतला कूलरही गप्प होता.

तेवढ्यात समोरून कुंदाबाईंची आरोळी आली. "काऊन जी कवडूभाऊ! तुमचा साहेब माह्या कूलरात ड्युटी करून राह्यला!"

कूलरच्या ओल्या गवतात, पंख्याच्या पात्यापासून वीतभर अंतरावर साहेब गोल होऊन झोपला होता. शेजारी कुंदाबाईंचा टीव्हीचा रिमोट, एक मोजा आणि जपमाळ. म्हणजे येणं-जाणं आजचं नव्हतं. हमीदभाईंनी त्याला अलगद काढला. त्यानं एक जांभई दिली नि कवडूभाऊंच्या शर्टाच्या आत शिरला. कवडूभाऊ तिथेच फरशीवर बसले. कुंदाबाईंनी न विचारता त्यांच्या हातात गुळाचा खडा नि पाण्याचा तांब्या दिला, आणि मग कुठे आपल्या कूलरचं बटण दाबलं. तो आवाज ऐकून एकेक करत सगळ्यांचे कूलर लागले. काय सांगू, असं संगीत मी ऐकलेलं नाही.

हमीदभाईंनी पाचच्या आत अर्ध्या इंचाची जाळी आणून पिंजऱ्यावर चढवली. सात वाजत आले. मी कवडूभाऊंना शहाणपण शिकवलं, "आता झालं गेलं. पोरीला सांगू नका. उगाच घाबरेल, आणि साहेबाला दुसरीकडे ठेवते म्हणाली तर?"

फोन वाजला. त्यांनी नेहमीसारखा मोबाईल पिंजऱ्याकडे धरला. साहेब झोळीत घोरत होता. मनीषा हसली आणि कवडूभाऊंनी सगळं सांगून टाकलं. "पोरी, मी माप चुकलो. साहेब पयाला होता. दोन वाजता भर उनात घरोघरी हुडकला. माह्या चुकीनं मेलाच असता. तुले दुसरीकडे ठेवाचा असन तं ठेव."

मनीषा स्क्रीनच्या अगदी जवळ आली.

"बाबा," मनीषा म्हणाली, "दोन वाजताच्या उन्हात फिरत होता तुम्ही? डोक्याला दुपट्टा बांधला होता का?"

कवडूभाऊ माझ्याकडे बघायला लागले. तीन वर्षांत त्यांना हे कुणी विचारलेलं नव्हतं. मीही नाही, आणि मी भिंतीला भिंत लावून राहतो.

"मोबाईल तुमच्याकडे फिरवा," ती म्हणाली. "साहेब राहू द्या. मला तुम्ही दिसले पाहिजेत."

त्यांना तो फिरवता येईना. शेवटी मी फिरवला, त्यांच्या हातात नीट धरून दिला आणि हमीदभाईंना खूण करून बाहेर आलो. त्या दिवशी फोन सव्वा तास चालला. साहेब जागा होऊन जाळी खडखडवत होता, पण त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.