दामूअण्णांचं अळणी पान

दोन माणसं भेटली की 'नमस्कार' म्हणतात. कल्याणच्या मामलेदार कचेरीतले आमचे दामूअण्णा म्हणत, "काल रात्री काय जेवलात?" उत्तर मिळेपर्यंत पुढचा शब्द नाही. मी कारकून म्हणून रुजू झालो त्या दिवशी पगडी सावरत, आरोपीसारखा, 'पिठलं' असं सांगून टाकलं होतं.

"मग आज नक्कल करताना ओळ गाळणार तुम्ही," अण्णा म्हणाले. गाळली. समोर बसून कुणी टक लावून पाहत राहिलं तर कोण गाळणार नाही?

अण्णांच्या मते माणसाचं डोकं म्हणजे पोटावर चढवलेलं पातेलं. खाली जळण जसं, तशी वर उकळी. वांग्याने माणूस भांडतो, मसुरीने विसरतो, वालाने उगाच उदास होतो आणि मुगाने शहाणा होतो. एकदा मामलेदारसाहेब त्यांच्यावर कडाडले. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "रावसाहेब, काल वांगी होती का?" होती. आम्ही सगळ्यांनी माना खाली घालून बोरू तासायला घेतले.

आंबिवलीचे दोन भाऊ बांधावरून भांडत कचेरीत आले, तेव्हाही तेच.

"आधी काय खाल्लंत ते सांगा, मग काय झालं ते."

"सुकट नि भाकर," थोरला म्हणाला. "दुसरा काय खानार आमी?"

"तरीच! बसा. ताक प्या, मग बोला."

ताक येईपर्यंत बराच वेळ गेला. तेवढ्यात दोघे भाऊ बैलांच्या गप्पांना लागले. श्रेय अर्थातच ताकाला मिळालं.

मला या सगळ्याचा वैताग यायचा. घरी जरा खटका उडाला की अण्णा मला मूग खायला सांगत. बायको म्हणे, "तुमच्या अण्णांना म्हणावं, एकदा स्वतः रांधून बघा."

पुढे ती माहेरी गेली आणि अण्णांनी मला रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. जाऊन पाहतो तर अण्णाच सोवळं नेसून चुलीपुढे बसलेले, धुराने डोळे लाल. मागच्या दारात वहिनी बसल्या होत्या. आदल्या साली त्यांची एकुलती एक मुलगी ठाण्याला सासरी तापाने गेली आणि तेव्हापासून वहिनींनी बोलणं टाकलं, एवढं मला ठाऊक होतं. त्यांनी चूलही सोडली आहे आणि अण्णा रोज स्वतः रांधून कचेरीत येतात, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

"ब्राह्मी दिली, तूप दिलं, कोहळा दिला," अण्णा हलक्या आवाजात म्हणाले. "काही लागू पडेना. डोळ्यांचं पाणी खळत नाही. मग सुचलं, विनायकराव, आसवं खारट असतात ना? घरातलं मीठच बंद केलं. मीही खात नाही."

एरवी मी पोट धरून हसलो असतो. त्या दिवशी पाटावर जाऊन बसलो.

अण्णांनी पान वाढलं. डाव्या बाजूला जिथे सगळ्यात आधी मीठ वाढतात, ती जागा कोरी होती. मी मुकाट्याने चित्राहुती घातल्या आणि पहिला घास घेतला. तोंड कितीही सरळ ठेवायचं म्हटलं तरी वाकडं झालंच.

वहिनींनी वळून पाहिलं. आधी माझ्या तोंडाकडे, मग पानाकडे. त्या उठल्या, टाचा उंचावून वरच्या फळीवरची बरणी काढली आणि माझ्या पानात डाव्या बाजूला मीठ वाढलं.

"अहो, पाहुण्याला कुणी बिनमिठाचं पान वाढतं का?" त्या म्हणाल्या. न बोलून बोलून आवाज घोगरा झाला होता.

अण्णांच्या हातातली पळी कलंडली, आमटी सोवळ्यावर सांडली.

"विसरलो गं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी म्हटलं, "अण्णा, तुमचं मिठाचं गणित चुकलं बरं का!"

"काल सकाळी तुम्ही काय खाऊन आला होतात?" त्यांनी विचारलं. थट्टा नव्हती. त्यांना उत्तर खरोखरच हवं होतं.

मग दर रविवारी मला आमंत्रण येऊ लागलं. माझी बायको परत आली तरी ते थांबलं नाही. वहिनी हळूहळू चुलीपाशी गेल्या, पण पान वाढायचं काम अण्णांनी सोडलं नाही. चटणीपासून भातापर्यंत सगळं नीट वाढत. मिठाची जागा तेवढी रिकामी ठेवत आणि फळीकडे पाठ करून वाट पाहत उभे राहत.